डुबी

बाटली एक लिटरची, थंड्याची, लेबल सोललेली.
नळी मिस्त्रीची. भिंतीची पातळी बघतात ना पाणी भरून,
तसली, आरपार दिसणारी, हातभर.
आईने ती उकळत्या पाण्यातून दोनदा काढली,
खारेगावातल्या कुठल्या कुठल्या भिंतींना लागून आली असेल, कोण सांगणार.

पाणी चार बोटं नाही, वीतभरही नाही.
मी पट्टी लावून दहा सेंटिमीटर मोजले
आणि नेलपॉलिशने रेघ ओढली. लाल.
"बाटलीचं तोंड बंद करायचं नाही,"
कळव्याच्या हॉस्पिटलात तडवी मॅडम म्हणाल्या होत्या,
"हवेला वाट पाहिजे."

बाबा पलंगाच्या कडेला. नळी ओठांत.
नाकाने घ्यायचा श्वास, जरा थांबायचं,
मग नळीतून सोडायचा, बेताने,
सरबत उलटं प्यायल्यासारखा.
बुडबुड बुडबुड बुडबुड.
थरथर म्हणे छातीत पोचते,
चिकटलेलं सुटतं.
दहा वेळा. मग आरशावर वाफ धरतो तसं
हा... हा...
घशातून नाही, पोटातून.
"कवरा फुकू आजून?"
सात झाले, बाबा.

हा माणूस रेतीबंदरला डुबी मारायचा.
ओहोटीला होडी खाडीत, बांबू रोवलेला,
बांबूला धरून खाली, बादलीसकट, डोळे मिटून.
उघडून तरी दिसणार काय, चिखल.
वर गोमाकाका दोर धरून.
हिसका आला की ओढायचं.
हिसका आला नाही तर बुडबुडे बघायचे.
बुडबुडे आहेत तोवर जोमा आहे.
कळव्या-मुलुंडच्या किती स्लॅबांत
सिमेंटबरोबर बाबांचा दम कालवला गेला
त्याची पावती कुणी फाडली नाही.

मग सक्शन पंप आले. मग बंदी आली.
मग टीबी आला, गोळ्या पुऱ्या केल्या, गेला,
जाताना डाव्या फुफ्फुसाच्या तळमजल्यावर
सामान ठेवून गेला.

म्हणून बाटलीनंतर उजव्या कुशीवर,
कमरेखाली दोन उशा आणि गोधडीची वळकटी, डोकं उताराला,
आणि मी हाताची वाटी करून बरगड्यांवर थापते.
चपटा हात लागतो. पोकळ हात वाजतो.
आई आतून ओरडते, "भाकरी नाय ती, जराक दमानं."
शेजारच्या रियांशीला वाटतं मी म्हाताऱ्याला मारते.
तिला एकदा बोलावून तिच्याच पाठीवर वाजवून दाखवलं,
तर आता रोज येते, माझी पण, माझी पण.

रविवारी गोमाकाका आले, सुकट घेऊन.
पलंगाकडे पाठ करून बसले, चहा बशीत ओतला.
मागे बाबांनी सुरू केलं.
बुडबुड बुडबुड.
काकांचा उजवा हात हवेत गेला
आणि मुठीत काही नसताना मिटला.

सहाव्या फुंकीनंतर बाबा थांबले, दम घ्यायला.
काका वळले नाहीत.
ओठ हलताना दिसले मला. मोजत होते.
चहावर साय धरली.
बाविसाव्या की तेविसाव्या आकड्याला
पुन्हा बुडबुड.
"हाय," काका बशीला म्हणाले. "खाली हाय."

बाबांना हसू आलं, हसण्यातून खोकला,
खोकल्यातून एकदम ते, स्टीलच्या वाटीत,
दोन चमचे, ओल्या रेतीच्या रंगाचं.
डोळ्यांत पाणी, नाक लाल, वाटी वर धरून बाबा म्हणाले,
"ओढ रे गोमा. भरली."

मी वहीत लिहिलं: रविवार, सकाळ, दोन चमचे, रक्त नाही.
बाटली उपडी घातली, नळी झटकली,
गॅलरीत दोरीवर टाकली, बनियनांच्या मधे, ठिबकत.
काका चपला घालताना तिथे थांबले,
तिला दोन बोटांनी चाचपलं टोकापासून टोकापर्यंत,
आणि मला विचारलं,
"नीट बांधलीस ना?"